मोठ्या मापाचे व्यायामवस्त्र : नांदेड-लातूर येथील दुर्मिळतेची मीमांसा

स्थूल व्यक्तीने नियमित व्यायाम करावा, हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. डॉक्टर तो करतात, आप्तेष्ट करतात आणि ज्याला तो केला जातो त्यालाही तो बहुधा मान्यच असतो. परंतु व्यायाम करावयाचा तर अंगात काय घालावयाचे, हा प्रश्न उपदेश करणाराच्या मनात क्वचितच येतो. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या भरल्या अंगाच्या गृहिणीने चालण्या-धावण्यास योग्य अशी ट्रॅक पँट आणि टी-शर्ट मागितला, तर दुकानदार दोन-तीन खोकी काढून पाहतो आणि "याच्या पुढचे माप येत नाही, ताई" असे सांगून ती परत ठेवून देतो. तो खोटे बोलत नसतो, आणि अपमान करण्याचाही त्याचा हेतू नसतो. त्याच्याकडे ते माप खरोखरीच येत नाही. ते का येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक, किंबहुना थट्टेचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या मुळाशी वस्त्रनिर्मितीचे तंत्र, नगरांची बाजारपेठ, करपद्धती आणि सार्वजनिक आरोग्य असे चार निरनिराळे विषय एकत्र आलेले आहेत. म्हणूनच वाणिज्य, भूगोल, गृहविज्ञान आणि शारीरिक शिक्षण या शाखांच्या अभ्यासकांनी तो लक्षात घेण्याजोगा आहे.

१. संज्ञा आणि व्याप्ती

'व्यायामवस्त्र' या शब्दाने येथे ट्रॅक पँट, टी-शर्ट, लेगिंग्ज, अर्धी विजार आणि स्त्रियांसाठी असणारी व्यायामाची काचोळी, म्हणजे ज्याला बाजारात 'स्पोर्ट्‌स ब्रा' म्हणतात ती, एवढे कपडे अभिप्रेत आहेत. 'मोठे माप' कोणते, हे ठरविणे मात्र अवघड आहे. तयार कपड्यांवर एक्सएल, डबल एक्सएल अशी अक्षरे असतात; परंतु ती कोणत्याही एका प्रमाणाशी बांधलेली नाहीत. एका कारखान्याचे डबल एक्सएल हे दुसऱ्याच्या एक्सएलपेक्षा लहान असू शकते. सामान्यतः डबल एक्सएलच्या पुढील मापांना व्यापारात 'प्लस साइज' म्हणण्याचा प्रघात आहे आणि तोच येथे स्वीकारला आहे.

मराठीत या मापाला सरळ नाव नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. 'जाड' हा शब्द बोचतो आणि 'स्थूल' हा दवाखान्यातला वाटतो. 'अंगापिंडाने मजबूत' हे बहुधा पुरुषाला म्हणतात, 'भरल्या अंगाची' हे स्त्रीला म्हणतात, आणि दोन्ही शब्दांनी दुकानात माल मागता येत नाही. ज्या वस्तूला नाव नाही, ती मागताना ग्राहक अडखळतो आणि तिची नोंद करताना दुकानदारही अडखळतो.

अशा व्यक्तींची संख्या अल्प आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि त्याच सुमाराच्या वयाच्या पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे आढळले. कंबरेच्या मापावरून पाहिले तर पोटाचा स्थूलपणा स्त्रियांमध्ये सुमारे ४० टक्के आणि पुरुषांमध्ये सुमारे १२ टक्के भरला. यांतील प्रत्येकास डबल एक्सएलच्या पुढील कपडा लागतो, असे अर्थातच नाही. परंतु ज्यांना तो लागतो ते याच समूहातून येतात, आणि हा समूह केवळ महानगरांत राहत नाही.

२. वस्त्राला 'माप' कसे आले

आपल्याकडील पारंपरिक वस्त्रांना शरीराचे माप नव्हते. धोतर, लुगडे, उपरणे, फेटा ही न शिवलेली वस्त्रे होत. त्यांची लांबी-रुंदी मागावर ठरे आणि शरीराशी त्यांचा मेळ नेसण्याच्या कौशल्याने घातला जाई. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला की स्त्रीचे दोन्ही पाय मोकळे होत, आणि तेच लुगडे किरकोळ अंगाच्या सुनेला व भारदस्त सासूला सारखेच चाले. शेतातील निंदणी-खुरपणीची सारी मेहनत याच वस्त्रात होत असे.

आखाड्यातील लंगोटाचेही तसेच आहे. पट्ट्याने बांधावयाचे वस्त्र असल्यामुळे देहाच्या विस्ताराची अडचण त्याला येत नाही. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगड या गावचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरी हा किताब मिळविला. या भागात धिप्पाड देह ही अशा वेळी अभिमानाची गोष्ट मानली गेली. व्यायामशाळेत मोठ्या देहाला वस्त्र नाही म्हणून संकोच वाटावा, ही स्थिती या परंपरेत नव्हती. अर्थात ती परंपरा पुरुषांची होती. आखाड्याच्या मातीत स्त्रीला पाय ठेवण्याची मुभा नव्हती, हेही तितकेच खरे.

शिवलेल्या वस्त्राबरोबर माप आले. परंतु शिंप्याकडील माप हे एकाच व्यक्तीचे माप असते. निराकार ग्राहकाचे माप आले ते तयार कपड्यांच्या कारखान्याबरोबर. ज्याला कधी पाहिलेच नाही, अशा माणसासाठी कपडा बेतावयाचा तर समाजातील शरीरांची सरासरी आणि विस्तार ही दोन्ही माहीत असावी लागतात. अमेरिकेत १९३९-४० साली रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सरकारी साहाय्याने सुमारे १५ हजार स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ याप्रमाणे, मापे घेतली आणि १९४१ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावर आधारलेले प्रमाणमाप १९५८ साली तेथे जाहीर झाले आणि १९८३ साली मागे घेतले गेले. या पाहणीतील एक उणीव बोधप्रद आहे. गौरेतर स्त्रियांची मापे अंतिम कोष्टकांत धरलीच गेली नाहीत. ज्यांना मोजले नाही, त्यांच्यासाठी कपडा बेतला गेला नाही.

भारताची स्थिती त्याहून मागे होती. आपले स्वतःचे सर्वमान्य प्रमाणमाप नसल्यामुळे येथील कारखाने परदेशी कोष्टकांत थोडाफार फेरफार करून काम भागवीत आले. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी 'इंडिया साइज' ही पाहणी हाती घेतली. १५ ते ६५ वर्षे वयाच्या सुमारे २५ हजार व्यक्तींची त्रिमिती यंत्राने मापे घेण्याची ही योजना होती, आणि त्यासाठी दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता व शिलाँग ही सहा नगरे निवडण्यात आली. २०२४ साली वस्त्रोद्योगमंत्र्यांनी ही मापे लवकरच प्रचारात आणण्याची घोषणा केली. उपक्रम स्तुत्य आहे. तथापि सहांपैकी पाच महानगरे आहेत, आणि नांदेड-लातूरच्या शरीराचे प्रतिनिधित्व मुंबईने करावयाचे की हैदराबादने, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

३. माप वाढविणे म्हणजे काय

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा विचार करणे आवश्यक आहे. लहान कपडा आहे, तो सर्व बाजूंनी सारखा वाढविला की मोठा कपडा तयार होतो, असे अनेकांस वाटते. आपल्याच प्रदेशातील एक उदाहरण घेऊन हे तपासता येईल. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती होय, आणि ध्वजाच्या खादीच्या विणकामाशी लातूर जिल्ह्यातील उदगीरचे नाव निगडित आहे. ध्वजाची प्रमाणित मापे नऊ आहेत. सर्वांत लहान १५० गुणिले १०० मिलिमीटरचा आणि सर्वांत मोठा ६३०० गुणिले ४२०० मिलिमीटरचा असतो. लांबी-रुंदीचे प्रमाण सर्वत्र तीनास दोन. ध्वज ४२ पट वाढला तरी त्याचा आकार तोच राहतो.

मनुष्यदेहाचे तसे नाही. समजा, एका स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटर आणि खांद्यांची रुंदी ३८ सेंटिमीटर आहे. दुसरीची कंबर १२० सेंटिमीटर, म्हणजे दीडपट आहे. ध्वजाचा नियम लावला तर तिचे खांदे ५७ सेंटिमीटरचे धरावे लागतील. असे खांदे कोणाचे असत नाहीत. कंबर, पोट, मांडी आणि दंड यांचा घेर वाढतो. खांदे, मान आणि उंची जवळजवळ तशीच राहतात. म्हणून लहान साचा नुसता फुगवून केलेल्या टी-शर्टाचा खांदा दंडावर उतरतो, गळा पसरतो, मुंढा काखेत काचतो आणि पोटावर मात्र कपडा ताणलेलाच राहतो. विजारीच्या बाबतीत कंबर बसली तर मांडी अडते. मांडी बसली तर पायाची लांबी जमिनीवर लोळते. खाली बसताच मागची बाजू घसरते. मोठ्या मापासाठी निराळा मूळ साचा बेतावा लागतो, तो निराळ्या देहावर घालून पाहावा लागतो, आणि हा खर्च कारखानदाराने मालाची मागणी सिद्ध होण्यापूर्वी करावयाचा असतो.

भारतीय देहरचनेने ही अडचण वाढते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले दोघांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची व वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३ असा तंतोतंत सारखा होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण याज्ञिकांचे २१.२ टक्के, तर युडकिनांचे ९.१ टक्के होते. भारतीयांमध्ये मेद पोटाभोवती अधिक साठतो, हे आता सर्वमान्य आहे. साहजिकच परदेशी कोष्टकावरून बेतलेला मोठा कपडा येथे नेमका पोटावर अपुरा पडतो.

व्यायामवस्त्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. साडी किंवा सलवार-कमीज सैल असली की काम भागते; व्यायामवस्त्र मात्र देहाबरोबर ताणले जाऊन परत मूळ स्थितीत आले पाहिजे. हा गुण इलॅस्टेन या धाग्यामुळे येतो. तो १९५८ साली ड्युपाँट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला आणि 'लायक्रा' या नावाने प्रसिद्धीस आला. आधार देणारी व्यायामाची काचोळी त्याहूनही अलीकडची आहे. अमेरिकेतील व्हरमाँट येथे १९७७ साली तीन स्त्रियांनी पुरुषांच्या खेळातील दोन आधारपट्टे एकत्र शिवून तिचा पहिला नमुना तयार केला. मोठ्या मापात या दोन्ही वस्त्रांवर पडणारा ताण पुष्कळच जास्त असतो. कापड अधिक घट्ट विणीचे, पट्टे रुंद, शिवण सपाट आणि कंबरपट्टा भक्कम हवा. म्हणजे मोठा कपडा हा केवळ अधिक कापडाचा नसतो, तो अधिक चांगल्या कापडाचा असावा लागतो.

हवामानाचा मुद्दाही सोडून चालणार नाही. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी असल्यामुळे मोठ्या देहातून उष्णता सावकाश बाहेर पडते. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढणाऱ्या या प्रदेशात घाम न टिपणारा, अंगाला चिकटणारा कपडा मांड्यांच्या व काखेच्या घड्यांत त्वचा सोलून काढतो. असा कपडा रोज धुवावा लागतो. आणि ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे रोज धुवावयाच्या कपड्याचा एकच जोड असून भागत नाही.

४. दुकानदाराचे गणित

एवढे असूनही मोठ्या मापाचे व्यायामवस्त्र देशात मुळीच तयार होत नाही असे नाही. महानगरांत ते मिळते. मग नांदेड-लातुरातच का मिळत नाही? याचे उत्तर दुकानदाराच्या गणितात आहे. ते केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेल्या काल्पनिक आकड्यांनी मांडू.

समजा, एका दुकानात महिन्याला १०० ट्रॅक पँटची मागणी येते. त्यांपैकी ९० ग्राहकांना नेहमीची पाच मापे आणि १० ग्राहकांना पुढील तीन मापे लागतात. प्रत्येक माप तीन रंगांत ठेवावयाचे आहे. नेहमीच्या मापांचे प्रकार पंधरा झाले, म्हणजे प्रत्येक प्रकाराचे महिन्याला सहा नग खपतील. मोठ्या मापांचे प्रकार नऊ झाले आणि ग्राहक दहा. म्हणजे प्रत्येक प्रकाराचा महिन्याला जेमतेम एक नग खपेल. कोणत्या महिन्यात कोणता रंग व कोणते माप मागितले जाईल, हे सांगता येत नाही. एकेक नग ठेवला तर दुसरा ग्राहक परत जातो, आणि तीन-तीन ठेवले तर भांडवल अडकून पडते व हंगाम उलटला की माल उतरत्या किमतीने काढावा लागतो. शिवाय घाऊक व्यापारी माल बहुधा ठरलेल्या मापांच्या संचात देतो. संच फोडून केवळ मोठी मापे द्यावयास तो सहसा तयार नसतो. तिरुपूर, लुधियाना किंवा मुंबईहून निघणाऱ्या गठ्ठ्यात जी मापे बांधली गेली, तीच येथील फळीवर येतात.

आता हेच दुकान पाचपट मागणीच्या नगरात आहे असे समजू. स्थूल व्यक्तींचे प्रमाण तेच, म्हणजे दहा टक्के. परंतु ग्राहक दहाऐवजी पन्नास. नऊ प्रकारांपैकी प्रत्येकाचे महिन्याला पाच-सहा नग खपतील आणि मोठे माप ठेवणे तितकेच किफायतशीर होईल. जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली मांडलेल्या मध्यवर्ती स्थानांच्या सिद्धांतात हेच तत्त्व आहे. कोणतीही वस्तू विकली जाण्यासाठी ग्राहकांची एक किमान संख्या लागते. ज्या नगराच्या परिसरात ती भरत नाही, तेथे ती वस्तू मिळत नाही आणि ग्राहकाला वरच्या श्रेणीच्या नगराकडे जावे लागते. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा नगराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख आणि लातूरची सुमारे ३ लाख ८३ हजार होती. मीठ, साखर किंवा साध्या ट्रॅक पँटला ही संख्या भरपूर आहे. मोठ्या मापाच्या, तीन रंगांतील, स्त्रियांच्या व्यायामवस्त्राला ती उंबरठ्यावरच अडते. मग नांदेडकर हैदराबादकडे पाहतो आणि लातूरकर सोलापूर-पुण्याकडे. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. परंतु हा एक माल त्यांपैकी एकाही रस्त्याने येत नाही.

या गणितात एक दोष दडलेला आहे आणि तोच प्रस्तुत विषयाचा गाभा होय. दुकानदार मागणीचा अंदाज विक्रीच्या वहीवरून बांधतो. जो माल ठेवला व विकला गेला नाही, त्याची नोंद वहीत असते. जो माल ठेवलाच नाही आणि जो न मिळाल्यामुळे ग्राहक परत गेला, त्याची नोंद कोठेच नसते. दोन वेळा नकार ऐकलेली स्त्री तिसऱ्यांदा विचारावयास येत नाही. तिच्या न येण्याचा अर्थ दुकानदार 'मागणी नाही' असा लावतो, आणि मागणी नाही म्हणून तो माल मागवीत नाही. असे हे चक्र स्वतःच स्वतःला सिद्ध करीत राहते.

करपद्धतीनेही काही काळ या प्रकारात भर घातली. वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरील कपड्यावर १२ टक्के कर होता. मोठ्या मापास कापड व कष्ट अधिक लागतात, म्हणून त्याची मूळ किंमत थोडी अधिक असते. नेहमीच्या मापाचा ९८० रुपयांचा कपडा करासह १०२९ रुपयांस पडे. त्याच जातीचा मोठ्या मापाचा १०५० रुपयांचा कपडा मर्यादा ओलांडून ११७६ रुपयांस जाई. मुळातील ७० रुपयांचा फरक ग्राहकापाशी पोहोचेपर्यंत १४७ रुपये होई. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांची मर्यादा २५०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आल्याने ही विषमता सामान्य किमतीच्या कपड्यांपुरती दूर झाली आहे. त्यावरील कपड्यांसाठी मात्र दर १८ टक्के झाला आहे.

५. दोन पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

तयार कपडा मिळत नसेल तर शिंप्याकडून शिवून घ्यावा, असे सहज सुचते. नांदेड-लातुरात कुशल शिंप्यांची उणीव नाही आणि आडव्या बांध्याच्या स्त्रीचे पोलके नेमके बेतणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. परंतु व्यायामवस्त्राचे कापड विणीचे नसून गुंफणीचे, म्हणजे होजियरीचे असते आणि ते ताणले जाते. नेहमीच्या यंत्राची सरळ टीप ताणली जात नाही. कापड ताणले की दोरा तुटतो आणि पहिल्याच बैठकीत शिवण उसवते. त्यासाठी ओव्हरलॉक व फ्लॅटलॉक ही यंत्रे लागतात. ओव्हरलॉक अनेक शिंप्यांकडे असते. सपाट शिवण घालणारे फ्लॅटलॉक क्वचितच आढळते. चांगले इलॅस्टेनयुक्त कापड किरकोळीत मिळणे त्याहूनही कठीण.

दुसरा पर्याय भ्रमणध्वनीवरून मागविण्याचा. क्रिस अँडरसन या अमेरिकन लेखकाने २००४ साली असे प्रतिपादन केले की, ज्या मालाला एका गावात पुरेसे गिऱ्हाईक नाही, त्याची देशभरातील विखुरलेली मागणी अशा व्यापारात एकत्र होते आणि तो माल विकणे परवडू लागते. हे मत प्रस्तुत बाबतीत बरेचसे खरे ठरले आहे. मोठ्या मापाचे व्यायामवस्त्र आज नांदेड-लातुरात येते ते बहुतांशी याच मार्गाने. तथापि अक्षरांच्या मापांना प्रमाण नसल्यामुळे कपडा अंगाला होईल की नाही हे घरी आल्यावरच कळते. तो परत पाठवावयाचा, दुसरा मागवावयाचा, तोही परत करावयाचा, हा खटाटोप घरातील सर्वांच्या देखत करावा लागतो. ज्या स्त्रीच्या हाती स्वतःचा दूरध्वनी व स्वतःचे पैसे नाहीत, तिला तो शक्यच नाही. कापड बोटांनी चाचपून आणि आरशात पाहून घेण्याची सोय, जी सडपातळ ग्राहकाला बाजारात सहज लाभते, ती तिला लाभत नाही.

६. परिणाम

याचा परिणाम पहाटे जिल्हा क्रीडा संकुलाच्या मैदानावर किंवा गोदावरीच्या घाटाकडील रस्त्यावर दिसतो. पुष्कळ स्त्रिया साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर कॅनव्हासचे बूट घालून चालतात. चालण्यापुरते ते ठीक आहे. परंतु धावणे, दोरीवरच्या उड्या, जोर-बैठका किंवा योगासने यांतील पुष्कळ प्रकार त्या वस्त्रात करता येत नाहीत. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांचा व्यायाम चालण्यापाशीच थांबतो. योग्य आधार नसताना धावणे स्त्रियांना वेदनादायकही होते. लंडन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी स्तनांच्या वेदनेची तक्रार सांगितली होती, आणि त्या तर सरावलेल्या धावपटू होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील सुमारे निम्मे प्रौढ हे किमान प्रमाण गाठीत नव्हते. स्त्रियांमध्ये हा आकडा ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२ टक्के होता. या तफावतीचे कारण केवळ वस्त्र आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. घरकामातून न मिळणारा वेळ, अंधारे रस्ते, लोकांच्या नजरा ही कारणे अधिक प्रबळ आहेत. परंतु ही कारणे वस्त्रापासून अगदी वेगळीही काढता येत नाहीत. पोटावर ताणलेला, वर सरकणारा टी-शर्ट घातलेल्या स्त्रीला त्याच नजरा अधिक टोचतात.

तरुणींच्या बाबतीत प्रश्न उपजीविकेचाही आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना ८०० मीटर धावण्याची परीक्षा द्यावी लागते. वजन कमी करण्यासाठी सराव करावयाचा, आणि सरावाचा कपडा मात्र वजन कमी झाल्यावरच अंगाला होणार, अशा कोंडीत सापडलेली मुलगी सराव सोडून देते, तेव्हा तिच्या इच्छाशक्तीला दोष दिला जातो.

७. काही दिशा

उपायांचा विचार करताना अलीकडचा एक अनुभव मार्गदर्शक ठरेल. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य शासनाने शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना राबविली. कापड मध्यवर्ती रीतीने पुरवून शिलाईचे काम महिला बचत गटांकडे देण्यात आले. गणवेश उशिरा मिळाले व अनेक ठिकाणी ते मुलांच्या अंगास बसले नाहीत, अशा तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. मुलाचे माप न घेता दूरवर ठरविलेले माप फसते, हा त्याचा बोध होय. शिवणाऱ्या हातांत कसब नव्हते, असा अर्थ त्यातून काढू नये.

हे लक्षात घेऊन चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कपड्यावर अक्षरांऐवजी देहाचे माप सेंटिमीटरमध्ये छापावे. युरोपीय प्रमाणमापांत ही पद्धत स्वीकारलेली आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. दुसरी, दुकानांत न मिळालेल्या मापांची वही ठेवावी. तारीख, वस्तू आणि माप एवढ्या तीनच रकाने पुरेत; नावाची आवश्यकता नाही. तिसरी, मागणी एकत्र करावी. वर दिलेल्या गणितात अडचण स्थूल व्यक्तींच्या अभावाची नसून त्या चार गावांत विखुरल्या असल्याची आहे. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांच्या व्यापाऱ्यांनी मोठ्या मापांचा एक सामाईक साठा ठेवला, तर किमान ग्राहकसंख्या सहज भरेल. चौथी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिवणवर्गांत होजियरी कापडाचे व फ्लॅटलॉक यंत्राचे शिक्षण द्यावे, म्हणजे बचत गटांतील स्त्रियांना स्थानिक मापावर हे कपडे शिवता येतील. कापूस पिकविणाऱ्या, 'नांदेड ४४' हे प्रसिद्ध संकरित वाण देणाऱ्या आणि एकेकाळी उस्मानशाही गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या नांदेडला हे काम परके नाही.

शिवणकामात कपडा बेतताना शिवणीच्या आत थोडे कापड राखून ठेवतात; त्यास 'माया' म्हणतात. अंग भरले की शिंपी तीच माया उसवून कपडा मोठा करून देतो. कारखान्याच्या हिशेबात ही माया वाया गेलेले कापड ठरते, म्हणून ती काढून टाकलेली असते. तयार कपड्यात ती पुन्हा आणणे तंत्रदृष्ट्या अशक्य नाही. कंबरेला नाडी, बाजूस उसवता येणारी दुहेरी शिवण आणि मांडीस जोडपट्टी एवढ्याने एक कपडा दोन मापांचे काम करील, आणि दुकानदाराचे नऊ प्रकार पाच-सहांवर येतील.

या विषयावर मराठवाड्यापुरती प्रत्यक्ष पाहणी होणे अगत्याचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ती सहज हाती घेता येईल. दोन नगरांतील वीस-वीस दुकानांत कोणते सर्वांत मोठे माप मिळते याची यादी करणे, सहा महिने 'न मिळालेल्या मापांची वही' चालविणे, आणि स्त्री-संशोधकांनी स्वेच्छेने आलेल्या स्त्रियांची मापे योग्य त्या गोपनीयतेने घेणे, एवढे झाले तरी आज ज्या मागणीला 'नाही' म्हटले जाते ती किती आहे, हे प्रथमच कळेल. मोजणे हे काम साधे आहे. परंतु वर दिलेल्या अमेरिकन पाहणीने दाखविल्याप्रमाणे, मोजणीतून जो वगळला गेला तो पुढे फळीवरूनही वगळला जातो.